कवटी एकच, आणि अभ्यास माणसाच्या उगमाचा

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पुरातत्त्वात एमए झालं, पीएचडीला नाव नोंदवून दीड वर्ष झालं. ओढ आहे माणसाच्या उत्क्रांतीची, म्हणजे हाडांची आणि कवट्यांची. गाइडनी मात्र हातात दिली दगडी हत्यारं. दांडिया बाजारातल्या घरी बाबा म्हणतात, बीएड करून घे, शाळेत तरी लागशील. मैत्रीण म्हणते, जर्मनीला चल. आणि तुला विचारायचंय की भारतात राहून, त्यातही बडोद्यात राहून, या विषयात खरंच काही करता येतं का, आणि पहिली आठ-दहा वर्षं माणूस तगतो कसा.

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते. या कामात मला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली पहिली अकरा कायमच्या नोकरीशिवाय गेली, तेव्हा तुझी घालमेल मला नीट कळते.

आधी जे ऐकायला जड जाईल ते. ५ डिसेंबर १९८२ रोजी मध्य प्रदेशात, नर्मदेच्या उत्तर काठावर, सिहोर जिल्ह्यातल्या हथनोरा गावाजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना गोट्यांच्या घट्ट थरात एक कवटी मिळाली. कवटी म्हणजे तिचं टोपण, तेही पुरतं नाही; उजवी बाजू बरी राहिलेली. चेहरा नाही, जबडा नाही, दात नाहीत. सुरुवातीला तिला होमो इरेक्टस या आपल्याआधीच्या मानवजातीत बसवलं. पुढे १९९१ मध्ये केनेथ केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा तपासली, आद्य स्वरूपाच्या होमो सेपियन्सची, म्हणजे आपल्याच जातीच्या जुन्या रूपाची ठरवली, आणि मेंदूचं आकारमान ११५५ ते १४२१ घन सेंटिमीटरच्या दरम्यान धरलं. वयाबद्दल आजही एकमत नाही. नर्मदेच्या खोऱ्यात नंतर कॉलरबोनसारखी थोडी हाडं मिळाली, पण इतक्या जुन्या माणसाची कवटी अख्ख्या देशात ती एकच.

एका कवटीवर किती जणांच्या पीएचड्या होणार? पूर्व आफ्रिकेत हाडाच्या वर-खाली ज्वालामुखीच्या राखेचे थर असतात, त्यामुळे हाड मिळालं की वयही बांधता येतं. आपल्याकडे ऊन-पाऊस आलटून-पालटून हाडं सडवतात, पुष्कळ ठिकाणी माती आम्लधर्मी आहे, आणि नद्या पुरात आपलेच जुने थर उपसून दुसरीकडे नेऊन टाकतात. आपल्याकडे माणूस नव्हता असं यातून मुळीच ठरत नाही. त्याची हाडं टिकली नाहीत, एवढंच ठरतं. म्हणून "एक दिवस मला कवटी सापडेल" या आशेवर करिअर उभं करू नकोस. या आशेत पस्तिशी ओलांडलेली दोन हुशार मुलं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांचं आठवलं की अजून वाईट वाटतं.

आता गाइडनी दिलेल्या दगडांबद्दल. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला रॉबर्ट ब्रूस फूट आणि विल्यम किंग या भूवैज्ञानिकांना १८६३ सालीच हातकुऱ्हाडी, म्हणजे मुठीत धरायची दगडी हत्यारं मिळाली होती. त्याच जागी शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी १९९९ पासून नव्याने खोदकाम केलं. २०११ मध्ये निकाल छापून आला: तिथली अश्युलियन, म्हणजे मोठ्या हातकुऱ्हाडींच्या रीतीची हत्यारं कमीत कमी १० लाख ७० हजार वर्षं जुनी, आणि सगळी मोजमापं एकत्र धरली तर सुमारे १५ लाख. २०१८ मध्ये दुसरा निकाल आला, की मोठ्या हातकुऱ्हाडी मागे पडून मध्य पुराश्मयुगातली छिलक्यांची, म्हणजे दगडावरून उडवलेल्या पातळ तुकड्यांची नवी रीत तिथे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. माणसाचं एकही हाड हाती नसताना आफ्रिकेबाहेर माणूस कधी पसरला, ही सगळी चर्चा या एका जागेने हलवली. दगडांनी हलवली. तेव्हा दगड मिळाले म्हणजे दुय्यम काम मिळालं, हे मनातून काढून टाक.

त्या दोन वर्षांकडे पुन्हा बघ. पहिली कुदळ १९९९ ची, आणि पहिला मोठा निकाल २०११ चा. मध्ये बारा वर्षं. या क्षेत्रातल्या जगण्याची खरी चव या बारा वर्षांत आहे. परवान्याची वाट, मग पाऊस ओसरण्याची वाट, मग प्रयोगशाळेच्या रांगेत आपला नंबर लागायची, मग परीक्षकांच्या शेऱ्यांची. तुझ्या वयाच्या संशोधकाचा निम्म्याहून जास्त वेळ वाट पाहण्यात जातो, आणि पीएचडीला बसताना हे कुणी सांगत नाही. या काळात काय करतेस त्यावर पुढचं सगळं ठरतं. माझं उत्तर एकच आहे: एक वस्तू धर, आणि तिचं तुझ्या स्वतःच्या हातचं मोजमाप उभं कर. दात घे, छिलके घे, गाळाचे थर घे, काहीही चालेल. पण ज्याच्या शेकड्यांनी नोंदी तुझ्या हाताने झाल्या आहेत असं काहीतरी तुझ्याजवळ हवं. निकाल लांबला, फेलोशिप संपली, गाइड निवृत्त झाले, तरी ते तुझंच राहतं.

हे मला उशिरा कळलं. माझ्या पीएचडीत मानवी कवट्यांची मोजणी होती. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागातून रीतसर परवानगी घेऊन मी चाळीस कवट्या मोजल्या: लांबी, रुंदी, कपाळ, डोळ्यांच्या खोबण्या. तक्ते सुंदर झाले. तिथल्या एका वयस्क तंत्रज्ञाने विचारलं, "बेन, पुन्हा मोजलंत का?" मी म्हटलं, कशाला? ते म्हणाले, "तीन आठवड्यांनी या, जुनी वही घरी ठेवून." गेले. कवटीची लांबी जवळजवळ तीच आली, एखाद्या मिलिमीटरचा फरक. पण डोळ्याच्या खोबणीची रुंदी कुठे तीन, कुठे चार मिलिमीटरने बदललेली. खोबणीची आतली कड नाकाकडे इतकी गोलसर वळते की तिचं टोक नेमकं कुठे धरायचं, हे मी दर वेळी नकळत वेगळं ठरवत होते. आणि ज्या दोन गटांमध्ये "फरक" दिसतो म्हणून मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं, तो फरक होता साडेतीन मिलिमीटरचा. ते प्रकरण मी काढून टाकलं. आठ महिन्यांचं काम होतं.

त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्या महिन्यात हेच करायला लावते. दहाच वस्तू घे, मोज, वही बंद कर, तीन आठवड्यांनी पुन्हा मोज. स्वतःच्या हाताची चूक किती आहे ते आधी माहीत करून घे. दगडांनाही हेच लागू. छिलक्याचा आघातबिंदू, म्हणजे टोला बसला ती जागा, त्याच्या कडेचा कोन, जाडी नेमकी कुठे घ्यायची, यातही हात घसरतो.

मोजमाप प्रामाणिक असलं की ते केवढं बळ देतं, याचं उदाहरण आपल्या मराठी घरातलंच आहे. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे नाव. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधला फरक वंशाप्रमाणे बदलतो का, हा विषय. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की असा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, विशीतल्या बाईने, आपल्याच गाइडला नको असलेला निकाल पुढे ठेवायचा, याला काय लागलं असेल ते तू आणि मी समजू शकतो. त्यांच्या हातात त्यांचे आकडे होते.

आणि त्यांचा धागा थेट गुजरातेत येतो. मघाशी फूट यांचं नाव आलं, तेच फूट निवृत्तीनंतर १८९१ मध्ये बडोदा संस्थानाच्या कामावर आले, आणि १८९३ मध्ये साबरमतीकाठी सादोलिया आणि पेढामली इथे त्यांना पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली. त्यांचा माग काढत १९४१ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकळिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गुजरातेत उतरले. मेहसाणा जिल्ह्यात लांघणजच्या वाळूच्या टेकडीवर त्यांना सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अगदी बारीक दगडी पाती मिळाली, मग पुरलेली माणसं मिळाली, आणि हाडांच्या कामासाठी इरावतीबाई त्यांच्याबरोबर तिथे आल्या. त्याच टेकडीत गेंड्याचं खांद्याचं हाड निघालं, त्यावर ठोकल्याच्या खुणा होत्या. गेंडा, मेहसाण्यात! हवामान किती बदललंय, हे एवढ्या एका हाडाने सांगितलं. सांकळियांच्या त्या मोहिमेचा अहवाल १९४६ मध्ये बडोदा संस्थानानेच छापला. इथे विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग १९५० मध्ये सुब्बारावांनी उभा केला. बडोद्यात बसून काय करता येतं, असं विचारतेस, आणि तू बसली आहेस ती जागा अशी आहे.

आजूबाजूलाही बघ. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या अगदी आद्य प्रायमेटांची हाडं आणि जबडे मिळाले आहेत. आपल्या, माकडांच्या आणि लेमूरांच्या सामायिक घराण्याची ती फार जुनी शाखा. खाण चालू असताना, यंत्रांच्या मधल्या वेळात ते थर चाळले गेले. माणसाची उत्क्रांती म्हणजे फक्त शेवटची वीस लाख वर्षं असं धरून बसलीस तर हे दारातलं दिसणारच नाही.

आता मही. वासदच्या आसपास मही नदीची कोतरं, म्हणजे पाण्याने कोरलेल्या खोल घळी, तू पाहिली असशीलच. तीस-चाळीस मीटर उंच मातीच्या भिंती, मध्ये लालसर पट्टा, मुलांच्या सहलीची जागा. त्या भिंतींत गेल्या लाख-सव्वा लाख वर्षांचे पूर, कोरडे काळ आणि वाऱ्याने आणलेली धूळ थरांथरांनी बसली आहे. आपला होमो सेपियन्स आफ्रिकेतून बाहेर पडून या उपखंडात स्थिरावला तो काळ यातच येतो. तिथे एक छिलका थरात रुतलेला, जागचा न हललेला मिळाला, तर त्याची किंमत शेतात पडलेल्या शंभर छिलक्यांहून जास्त, कारण थराचं वय काढता येतं.

ते कसं काढतात हे पुस्तकात तू वाचलं असशील. हाताने कसं होतं ते सांगते. वाळूतला क्वार्ट्‌झचा कण शेवटचा उन्हात कधी होता, हे प्रकाशदीप्तीच्या पद्धतीने मोजतात. म्हणून नमुना घेताना त्याला उजेड लागता कामा नये. आधी भिंतीचा वरचा हातभर थर खरवडून ताजी माती उघडी करायची. मग वीतभर-दीडवीत लांबीचा लोखंडी पाइप, एका तोंडाला घट्ट बंद, थरात आडवा ठोकायचा. वाकडा गेला तर वरच्या थराची माती आत येते, म्हणून एक जण ठोकतो आणि एक जण बाजूने नजर ठेवतो. पुरता आत गेला की अंगावर आणि भिंतीवर जाड काळं कापड ओढायचं, त्या अंधारात चाचपत पाइप ओढून काढायचा, मोकळं तोंड ॲल्युमिनिअम फॉइल आणि काळ्या टेपने बंद करायचं. नोव्हेंबरातसुद्धा त्या कापडाखाली घामाने जीव जातो. शिवाय पाइपाभोवतीची दोन-तीन किलो माती वेगळ्या पिशवीत घ्यायची, कारण कणांना वर्षाला किती किरणोत्सार मिळत होता हे त्या मातीतल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशिअमवरून ठरतं. मातीत पाणी किती होतं तेही हवं. पाइपावर दोन ठिकाणी खूण, आणि वहीत तिसरी.

तिसरी का, ते ऐक. माझ्या पहिल्या मोठ्या हंगामात मी पाइपांवर फक्त मार्करने लिहिलं होतं. परतताना जीपच्या मागच्या बाजूला पाण्याचा कॅन फुटला. नऊपैकी चार पाइपांची अक्षरं धुऊन गेली. कुठला पाइप लाल थरातला आणि कुठला त्याखालचा, हे मला खात्रीने सांगता येईना. चारही टाकून द्यावे लागले, आणि पुढचा हंगाम वर्षभराने आला. आता आम्ही पाइपावर खिळ्याने कोरतो.

प्रकाशदीप्तीचं काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत अनेक दशकं चाललंय, म्हणजे आपल्याला दोन तासांवर. तिथल्या लोकांशी नमुना देऊन निकाल घेणारं गिऱ्हाईक म्हणून वागू नकोस. महिनाभर तिथे राहून लाल दिव्याखाली कण वेगळे करायला शिकता आलं तर शिकून घे. वयाच्या आकड्यामागे जो "अधिक-उणे" येतो तो कुठून येतो, हे ज्याने एकदा स्वतः केलंय तो लेखात कधी फुगवून लिहीत नाही.

जनुकांचं काम करावं का, हाही तुझा प्रश्न होता. आकर्षण साहजिक आहे. २०२२ मध्ये प्राचीन माणसांच्या जनुकांवरच्या कामासाठी स्वांटे पेबो यांना नोबेल मिळाल्यापासून प्रत्येक विद्यार्थी तेच विचारतो. पण हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन शहराचं उदाहरण समोर ठेव. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांचा तो लेख २०१९ मध्ये आला, तेव्हा एकसष्ट नमुने तपासून एकाच बाईच्या हाडातून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला होता. आणि ती हाडं तर सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचीच. आपल्या उकाड्यात डीएनए तुटून जातो. म्हणून भारतात बसून प्राचीन जनुकांवरच पीएचडी करायची तर हैदराबाद किंवा लखनौच्या प्रयोगशाळांत कायमचा पाय हवा, आणि तरीही नमुने नापास होण्याची तयारी हवी. आजच्या माणसांच्या जनुकांवर मात्र भरपूर काम आहे.

आणि इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीच आहे. बडोद्यापासून शंभर-एक किलोमीटरवर छोटा उदेपूर, राठवा आदिवासींचा मुलूख. आपल्या विषयातले लोक तिथे एके काळी कॅलिपर घेऊन गेले, डोकी मोजली, रक्त घेतलं, आणि परत कधी कळवलं नाही की त्याचं काय झालं. आजही कुणी तरुण संशोधक बोलता बोलता म्हणून जातो, "हे लोक म्हणजे आपला भूतकाळच." हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. भिंतीवर पिठोरा चित्र काढणारा राठवा आणि तू, दोघांच्याही मागे तितकाच काळ आणि तितकीच उत्क्रांती आहे. नमुना घ्यायचा तर संमती त्याच्या भाषेत, नैतिकता समितीची मंजुरी आधी, आणि निकाल घेऊन गावात परत जायचं. एवढं करायची तयारी नसेल तर त्या कामाला हात लावू नये.

माणसांकडून शिकायचंच असेल तर खंभातला जा. तासा-दीड तासाचा रस्ता आहे. तिथले अकीक या रंगीत, कठीण दगडाचे मणी घडवणारे कारागीर जमिनीत तिरका रोवलेला लोखंडी सुळा वापरतात. दगडाची कड सुळ्याच्या टोकाला टेकवायची आणि दुसऱ्या बाजूने म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने टोला द्यायचा. छिलका उडतो तो टोल्याच्या बाजूने नाही, सुळ्याच्या बाजूने. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला पाच मिनिटं उलगडाच झाला नाही. तिथल्या एका चाचांनी माझ्या हातात हातोडा दिला. मी जोर लावला, दगडाचे दोन तुकडे झाले. ते म्हणाले, "जोर नहीं, वजन." हातोड्याला त्याच्या वजनाने पडू द्यायचं, मनगटाने फक्त दिशा द्यायची. व्हॅलेंटाइन रू आणि ब्लांदिन ब्रिल या फ्रेंच अभ्यासकांनी याच कारागिरांच्या हालचाली बारकाईने मोजल्या, की कसबी हात आणि नवखा हात कुठे वेगळे पडतात. बडोद्याच्या कुलदीप भान यांनीही तिथे वर्षानुवर्षं काम केलं. दगड घडवणं एका पिढीकडून दुसरीकडे कसं जातं, शब्दांनी किती आणि बघून किती, हा मेंदूच्या आणि भाषेच्या उत्क्रांतीतला अगदी मध्यावरचा प्रश्न. अवघड दगडांवर हात बसायला त्या मुलांना अनेक वर्षं लागतात. तुझ्या पेटीतल्या छिलक्यांकडे तिथून आल्यावर तू वेगळ्या डोळ्यांनी बघशील. मी दर दोन वर्षांनी जाते.

पैशाचं आता. नेट या परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार, पुढे एसआरएफ या तिच्या वरच्या टप्प्याला ४२ हजार, वर घरभाडं. बडोद्यात घरी राहून हे पुरतं. पुण्यात किंवा हैदराबादला खोली घेतलीस तर ओढाताण होते. पैसे दर महिन्याला येतील असं धरू नकोस. माझ्या वेळी एका शिष्यवृत्तीचे सात महिने थकले होते, आणि मी राजमहाल रोडवरच्या एका घरात नववी-दहावीच्या शिकवण्या करून भागवलं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय मोठ्या हंगामाला निघू नये. फील्डवर उतरायला लीकी फाउंडेशन आणि वेनर-ग्रेन फाउंडेशन या अमेरिकी संस्था परदेशी विद्यार्थ्यांनाही मदत देतात, पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सुद्धा. अर्ज लिहायला तीन महिने घे, पहिल्यांदा नाकारला जाईल हे गृहीत धर, आणि त्यांचे शेरे जपून ठेव. माझा दुसऱ्या खेपेला लागला तो पहिल्या शेऱ्यांमुळेच.

बाबांच्या बीएडबद्दल मी वेगळं सांगेन म्हणून तू वाट बघत असशील. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. मानवाच्या उत्क्रांतीसाठी म्हणून निघणाऱ्या कायमच्या जागा आपल्याकडे फार थोड्या. जागा निघतात त्या पुरातत्त्व, मानवशास्त्र, भूविज्ञान, संग्रहालयं, मानवशास्त्रीय सर्वेक्षण अशा नावांनी. म्हणून तुझ्या कामाचं एक पाऊल यांपैकी एका रूढ विषयात घट्ट रोवलेलं असू दे. अश्मयुगीन हत्यारं आणि नदीचे थर हा जोड त्या दृष्टीने फार बरा आहे. गाइडनी कदाचित हाच विचार केला असेल. एकदा त्यांना सरळ विचार. बाबांना मात्र एकदा कामाच्या जागी ने. माझ्या वडिलांचा विरोध वादाने गेला नाही. एका रविवारी त्यांना कोतरात नेलं, हातात हातकुऱ्हाड दिली, आणि त्यांचा अंगठा आपोआप बरोब्बर जागी बसला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर घरी कुणी विचारलं की तेच सांगायचे, ही काय करते ते.

जर्मनीला जा, पण काहीतरी घेऊन जा. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेसारख्या ठिकाणी रिकाम्या हाताने गेलीस तर दुसऱ्यांच्या प्रकल्पातले नुसते दोन हात होशील. स्वतःच्या मोजमापाचा संच, स्वतः ओळखलेली एक जागा आणि तिचा एखादा छापलेला लेख, इतकं असेल तर बरोबरीने बोलशील. पहिला लेख मोठ्या नावाच्या नियतकालिकासाठी अडवून ठेवू नकोस. पुण्याहून निघणाऱ्या "मॅन अँड एन्व्हायर्नमेंट"मध्ये आलेली जागेची साधी, नीट नोंद वीस वर्षांनीही वाचली जाते. नमुने बाहेर न्यायचे तर परवानगीशिवाय एक छिलकाही नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ते गुन्हा ठरू शकतं. खोदकामाच्या परवान्याचा अर्ज संस्थेमार्फत पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे जातो, त्याला वेळ लागतो, तेव्हा हंगामाच्या बरंच आधी कागद हलवायला लाग.

फील्डवर बाई म्हणून काय, हे तू विचारलं नाहीस, पण मनात असणार. राहायची जागा, कुलूप लागणारं न्हाणीघर, आणि कॅम्पात आणखी किमान एक बाई, या तीन गोष्टी निघण्याआधी ठरवून घे, आणि त्या मागताना ओशाळू नकोस. तुझ्या कामाच्या गुणवत्तेशी त्याचा थेट संबंध आहे. रात्री झोप नसलेल्या माणसाची नोंदवही दुसऱ्या दिवशी दिसते.

आणखी एकच. चुकण्याबद्दल. जी. एडवर्ड लुईस यांना १९३२ मध्ये शिवालिकच्या टेकड्यांत, आजच्या हिमाचलात, जबड्याचा एक तुकडा मिळाला. रामपिथेकस असं नाव पडलं. १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला माणसाचा पूर्वज म्हणून मांडलं आणि जगभरच्या पाठ्यपुस्तकांत तो गेला. माझ्या शाळेच्या पुस्तकातही होता. १९६७ मध्ये सारिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांवरून सांगितलं की माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन फक्त पन्नास लाख वर्षं झाली, म्हणजे हा त्याहून कितीतरी जुना जबडा आपल्या पूर्वजाचा असूच शकत नाही. हाडंवाल्यांनी ते मानलं नाही. मग पाकिस्तानातल्या शिवालिकच्याच थरांत शिवपिथेकस या जुन्या वानराचा चेहरा मिळाला, १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि तो ओरांगउटानसारखा निघाला. रामपिथेकस त्याचाच भाऊबंद. हे छापणारे कोण, तर स्वतः पिलबीम. ज्या मतावर नाव झालं होतं ते मत त्यांनी आपल्या हाताने मागे घेतलं. तुझ्या टेबलावर कुणाचा फोटो लावायचा असेल तर या माणसाचा लाव, असं मी मुलांना सांगते.

तू लिहिलंयस की दिवाळीनंतर मोकळी आहेस. महीचं पाणी तोवर उतरलेलं असतं आणि कोतरांतली वाट सुकते. दुसऱ्या रविवारी पहाटे साडेपाचला मी सयाजी बागेच्या दाराशी गाडी घेऊन येते. पाइप आणि टेप माझ्याकडे आहेत. तू जाड काळं कापड आण, चादर चालणार नाही, आणि तुझ्या पेटीतले कुठलेही दहा छिलके. ते इथेच मोजून टाकू, म्हणजे डिसेंबरात पुन्हा मोजता येतील.